चौथ्या प्रकरणातला तक्ता

“मॅडम, किती जनांचं टाकू?” तांदळाचं माप हातात धरून लंकाबाई वर्गाच्या दारात उभ्या होत्या.

योगिनीनं मुलांवरून नजर फिरवली. मोजायची तशी गरजच नव्हती. “तेरा.”

“कालबी तेराच. होळीला गेलेली आता छाटणीबिगर यायची नाय बगा,” म्हणत लंकाबाई स्वयंपाकाच्या खोलीकडे वळल्या.

योगिनीनं टेबलावरच्या दोन वह्या पुढे ओढल्या. पोषण आहाराच्या वहीत शनिवारच्या तारखेपुढे १३ लिहिलं. मग हजेरीपट उघडला आणि बावीसच्या बावीस नावांपुढे हजेरीची तिरकी रेघ ओढली. दोन्ही वह्या एकमेकींवर ठेवून ती “हं, सातचा पाढा” म्हणत उठली. आपण काही वेगळं केलं असं तिला वाटलंसुद्धा नाही. घराबाहेर पडताना चप्पल घालावी, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

दिंडोरी तालुक्यातली ही वस्तीवरची दोन शिक्षकांची शाळा. चहूबाजूंनी द्राक्षांचे मळे, आणि निम्मी मुलं त्या मळ्यांवर कामाला येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या मजुरांची. छाटणीला आईबापांबरोबर यायची, सणाला घरी जायची, कधी परत यायची, कधी दुसऱ्याच मळ्यावर उतरायची. सलग गैरहजर मांडलं की नाव कमी करावं लागतं, आणि एकदा नाव कमी केलं की पोर पुन्हा शाळेचं तोंड बघत नाही, हे योगिनीनं पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. शिवाय पट वीसच्या खाली गेला की दुसऱ्या शिक्षकाचं पद जायची भीती. म्हणून मग गावी गेलेली सगळी हजेरीपटावर हजर; आजारी पोरांपुढे तेवढं गैरहजर. तिच्या आधीचे गुरुजीही तेच करत. पण पोषण आहाराची वही तिनं कधी बिघडवली नाही. पोरांच्या तोंडच्या तांदळात खोटं नको, हा तिचा स्वतःचा नेम. दोन्ही वह्या एकाच कपाटात, एकाच फळीवर असायच्या, आणि त्या शेजारी ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या.

कोणी म्हणजे, तिनंसुद्धा.

सुट्टीत फोन थरथरला. तिच्या मार्गदर्शक चैताली मॅडमचा मेल होता. पाच वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून, ऑनलाइन बैठकांवर चालणाऱ्या अर्धवेळ पीएचडीला तिनं नाव घातलं, तेव्हापासून या नावाचा मेल आला की ती हातातलं काम टाकून आधी तो उघडायची. आज दुपारी साडेतीनला प्रबंधाचं शेवटचं सादरीकरण. ते पार पडलं की प्रबंध दाखल. मेल चारच ओळींचा होता. बाहेरच्या परीक्षकांना चौथ्या प्रकरणातला हजेरीचा तक्ता पडताळून पाहायचा आहे. अभ्यासातल्या पाच शाळांपैकी निदान एकीची, गेल्या वर्षीच्या जानेवारी ते एप्रिलची पोषण आहाराची वही स्कॅन करून तीनपर्यंत पाठवावी. “तुमचीच शाळा सोपी पडेल,” असं शेवटी लिहिलं होतं.

योगिनी पायरीवर बसली.

“काय झालं, ताई?” नाझिया डबा उघडत होती. पहिली-दुसरी तिच्याकडे. सहा वर्षं सुरगाण्याच्या एका पाड्यावर काढून दोन वर्षांपूर्वी ती इथं आली होती. घरी दहा महिन्यांचा मुलगा. त्याची दूध प्यायची वेळ झाली की शाळेत बसल्या बसल्या तिचा ओढणी सारखी करायचा हात थांबत नसे.

योगिनीनं फोन तिच्यापुढे धरला. नाझियानं वाचलं, पुन्हा वाचलं. तिला सांगावं लागलं नाही.

“तक्त्यात किती टक्के दाखवलीये आपली?”

“एक्याण्णव.”

“या अल्ला. आणि जेवणाच्या वहीवरून?”

“साठसुद्धा नाही निघणार.”

स्थलांतरित मुलांची हजेरी घरभेटींनी कशी वाढते, हा योगिनीच्या प्रबंधाचा विषय. घरभेटी तिनं खरोखर केल्या होत्या. स्कूटर मळ्याच्या बांधाला लावून, पत्र्याच्या खोल्यांपुढे उकिडवी बसून, बाळंतिणीला, म्हातारीला, झोळीतल्या पोराला झोका देणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला तिनं समजावलं होतं. आकडे मात्र हजेरीपटातून घेतले. सगळेच तिथून घेतात. पहिल्यांदा तक्त्यात भरताना कुठंतरी टोचलं होतं. मग आलेख असा सुरेख चढत गेला, चैताली मॅडमनी “एक्सलंट” लिहिलं, आणि ते टोचणं कधी बोथट झालं ते तिला कळलंच नाही.

नाझियानं डब्याचं झाकण लावलं. “ऐका. नवी वही आहे कपाटात. आता साडेदहा होतायत. मी सांगते, तुम्ही लिहा. चार महिने म्हणजे नव्वद ओळी. हजेरीपटाप्रमाणे आकडे घालायचे. दोन पेनं वापरू, एकसारखी शाई दिसायला नको.”

“नाझिया!”

“नाझिया काय? पाच वर्षं पहाटे साडेचारला उठलात तुम्ही. इराला मांडीवर घेऊन टाइप करायचात, तुम्हीच सांगितलंय. आणि खरी वही त्या परीक्षकांच्या हातात गेली तर फक्त तुमचा प्रबंध जाईल का? उद्या वरून कोणी विचारलं, पट खरा किती, तर मी कुठं जाणार? परत पाड्यावर? याला घेऊन?” ‘याला’ म्हणताना तिनं रिकाम्या मांडीकडे हात केला.

रोजच्या ओळीपुढे लंकाबाईंची सही असते, एवढंच योगिनी कसंबसं म्हणाली. तर नाझियानं तिथूनच हाक मारली, “लंकामावशी, जरा या!”

लंकाबाई पदराला हात पुसत आल्या. दोघींचं सगळं ऐकून घेतलं. तीन वर्षांपूर्वी अंगठा लावणाऱ्या लंकाबाईंना योगिनीनंच सही शिकवली होती. ल, अनुस्वार, का. बाईंना तो अनुस्वार फार आवडायचा, कुंकवासारखा ठसठशीत द्यायच्या.

“किती सह्या लागतील?”

“नव्वद,” नाझिया म्हणाली.

“बसू की मग. भात उतरवला की करते. तुमीच शिकवली, तुमी म्हनाल तिथं करीन.” त्या जायला वळल्या आणि थांबल्या. “येक इचारू? राग नका धरू.”

“विचारा ना.”

“म्हंजी बावीस जनांचं मी रोज रांधलं असं त्या वहीत व्हनार. खानारी तर तेरा. मंग बाकीचा तांदूळ कुटं ग्येला, असं कोनी म्हनलं तर?” लंकाबाईंचा आवाज अगदी साधा होता, पोरगी शंका विचारते तसा. “कोठीची किल्ली माज्याकडं आसती ना.”

सुट्टी संपल्याची घंटा एका पोरानं आपल्या मनानंच वाजवून टाकली.

“नाही करायच्या सह्या,” योगिनी म्हणाली. “जा तुम्ही, भात लागेल.”

“तसं नाय, मॅडम, मी करते की...”

“भात लागेल, लंकाबाई.”

गेल्या वर्षीची वही तिनं पिशवीत घातली. तेवढंच. काय करायचं ते तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

नाशिककडे येताना नाझिया नेहमीसारखी स्कूटरवर मागे बसली, पण बोलली नाही. एरवी या पंचवीस किलोमीटरमध्ये दोघी दोन सासरं, दोन पोरं आणि केंद्रातल्या साऱ्या शाळांची निंदा उरकत. निमाणीच्या स्टँडवर ती उतरली, ओढणी गळ्याभोवती गुंडाळली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, “तुम्ही काय करणार ते मला सांगू नका. सोमवारी कळेलच.” आणि रिक्षात बसून गेली.

घरी पोचायला एक वाजला. पंचवटीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आज तिच्यासाठी बंदोबस्त होता. नवरा, महेश, अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. जाताना राऊटरवर चिठ्ठी चिकटवून गेला होता, ‘हात लावू नये.’ सासूबाई, कुसाबाई, इराला घेऊन दारातच बसल्या होत्या.

“आली बाई तुझी डॉक्टरीण,” त्या नातीला म्हणाल्या. “विचार तिला, डॉक्टर झाल्यावर आज्जीच्या गुडघ्याला सुई टोचणार का म्हणावं.”

“मम्मा सुई नाही देत. मम्मा मीटिंग देते,” इरा म्हणाली. प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहीत असताना ती जन्मली. ताटात उपडी वाटी ठेवून तिच्यापुढे “ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?” म्हणत बसणं, हा तिचा आवडता खेळ.

“जेवून घे आधी. तोंड बघ कसं झालंय,” कुसाबाईंचा सूर बदलला. “काही झालंय का गं?”

“काही नाही, आई. आज शेवटचं आहे ना.”

“मग शेवटचं नीट कर. पाच वर्षं कुकरच्या शिट्ट्या मी मोजल्यात, तू नाही. वाया नको जायला.” आणि इराला काखोटीला मारून त्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे गेल्या.

योगिनीनं जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. वही उघडली, फोननं एकेका पानाचा फोटो काढला. जानेवारी. फेब्रुवारी. मार्च. पानापानावर तिचेच आकडे: सोळा, पंधरा, बारा, बारा, अकरा. होळीच्या आठवड्यात नऊ. प्रत्येक ओळीच्या टोकाला तो ठसठशीत अनुस्वार. अडीच वाजता फोटो मेलला जोडले. पावणेतीन झाले. बोट ‘पाठवा’वर नेऊन तिनं दोनदा मागे घेतलं. पाठवायचं नसेल तर सांगायला कारणं होती. वही सापडत नाही, पावसात भिजली, उंदरांनी खाल्ली. सरकारी शाळेत यातलं कुठलंही कारण खपून गेलं असतं. तिला नाझियाचा तो रिकाम्या मांडीकडे गेलेला हात दिसला. मग कोठीची किल्ली. मग पुन्हा हात.

दोन एकोणसाठला तिनं मेल पाठवला, आणि पाठवल्या पाठवल्या न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. हुंदका आला तो पाण्यात गेला.

साडेतीनला पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात ती. दुसऱ्यात चैताली मॅडम, मागे पुस्तकांची रांग. तिसऱ्यात परीक्षक, पासष्टीचे, बिनइस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले, पडद्याच्या फार जवळ बसलेले. वर कोपऱ्यात लाल ठिपका. रेकॉर्डिंग सुरू होतं.

पहिली तीन प्रकरणं तिनं सांगितली. चौथ्याचा तक्ता पडद्यावर आला तेव्हा परीक्षकांनी चष्मा काढला.

“थांबा इथं. मार्चमध्ये एक्याण्णव टक्के. होळीच्या आठवड्यातसुद्धा?”

“हो, सर.”

“मी नऊ वर्षं पेठ भागात शिकवलंय, बाई. होळीला तिकडची माणसं मळ्यावर एक दिवस थांबत नाहीत. मालक पाया पडला तरी थांबत नाहीत.” ते रागावले नव्हते. तेच जास्त कठीण होतं. “आणि तुम्ही पाठवलेल्या वहीत त्याच आठवड्यात जेवणारी मुलं नऊ. मला जरा समजावून सांगा.”

चैताली मॅडम घाईनं मध्ये पडल्या. “सर, मला वाटतं त्या एका शाळेच्या नोंदीत काहीतरी गफलत असणार. योगिनी, आपण तुमची शाळा नमुन्यातून वगळू या ना. चार शाळा पुरेशा आहेत. निष्कर्ष फार बदलत नाही. चालेल ना, सर? आठ दिवसांत सुधारित प्रत देतील त्या.” आणि कॅमेऱ्यात रोखून पाहत, फक्त योगिनीला कळेल इतकी मान हलवली. हो म्हण.

सुटकेचं दार उघडं होतं. योगिनीला ते स्पष्ट दिसत होतं. एक शब्द, आणि जूनमध्ये पदवी. नाझियाचं नाव नाही, शाळेचं नाव नाही, लंकाबाईंचं तर नाहीच. सगळे सुटत होते. जिन्यात इराच्या पायातलं पैंजण वाजलं, आणि मागोमाग कुसाबाईंची दबकी हाक, “अगं, मम्मा बोलतीये, इकडे ये.”

“मॅडम, बाकीच्या चार शाळांतूनही मी फक्त हजेरीपटच घेतलाय,” योगिनी म्हणाली. “तिथली जेवणाची वही मी कधी मागितलीच नाही. मागितली नाही, कारण...” तिनं समोरच्या वहीवर हात ठेवला. “कारण मला माझी वही माहीत होती. माझ्या शाळेत गफलत झालेली नाही, सर. गैरहजर मुलांना मी हजर मांडलं. रोज, माझ्या हातानं. नावं टिकावीत म्हणून. मग तेच आकडे इथं भरले. चार शाळांची खात्री मी कुठल्या तोंडानं देऊ? हा तक्ता मला मागे घ्यायचा आहे.”

चैताली मॅडमच्या चौकोनात मागचा पंखा फिरत होता.

“रेकॉर्डिंग सुरू आहे, योगिनी,” त्या शेवटी म्हणाल्या.

“माहीत आहे, मॅडम.”

परीक्षकांनी चष्मा पुन्हा चढवला. कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. “तक्ता गेला म्हणजे चौथं प्रकरण गेलं. चौथं गेलं म्हणजे पाचवं गेलं. कळतंय ना?”

“हो, सर.”

“घरभेटी खऱ्या केल्यात?”

“एकशे सदतीस केल्या. त्यांच्या टिपणाच्या वह्या आहेत.”

“त्या जपून ठेवा,” एवढंच ते म्हणाले. ते दिलासा देण्यासाठी म्हणाले की सवयीनं, हे तिला नंतरही कधी ठरवता आलं नाही.

चैताली मॅडमनी नियम सांगितले. नोंदणीची मुदत जूनअखेर. मुदतवाढीचा अर्ज करता येतो. मिळेलच असं नाही. नव्यानं आकडे गोळा करायचे तर पूर्ण एक शैक्षणिक वर्ष. त्यांचा आवाज कोरडा झाला होता. चौकोन एकेक करून विझले आणि काळ्या पडद्यात योगिनीला स्वतःचं तोंड दिसलं.

कुसाबाई आत आल्या तेव्हा ती झाकलेलं ताट उघडून गार भाकरी खात होती.

“झाली का डॉक्टर?”

“नाही, आई.”

कुसाबाई बघत राहिल्या. टोमणा ओठांवर आला असावा. त्यांनी तो गिळला आणि भाजी गरम करायला घेतली. इरा आईच्या मांडीत येऊन बसली, अगदी लहानपणी टाइप करताना बसायची तशीच, आणि आईच्या ताटातला कांदा खाऊ लागली.

सोमवारी निमाणीला नाझिया वेळेवर उभी होती. म्हसरूळच्या पुढे रस्ता जरा मोकळा झाला तेव्हा योगिनीनं वाऱ्यातच, मान मागे न वळवता, सगळं सांगितलं. आजपासून हजेरीपट खरा भरणार, हेही.

मागून नाझिया म्हणाली, “तुमचं ठीक आहे, ताई. तुम्ही सीनियर. जाणार मी.”

“मी लिहून देते. पद कमी होऊन कुणाला अतिरिक्त ठरवायचंच झालं तर मला ठरवा म्हणून.”

“असं लिहून चालतं का? यादी ज्येष्ठतेनंच निघते. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे.” तिचा आवाज फाटला. “मला विचारायचं तरी होतं.”

“तूच म्हणालीस, सांगू नका.”

“तेच तर. विचारलं असतंत तर मी नको म्हणाले असते. म्हणून विचारलं नाहीत.”

हे खरं होतं. पुढचे दहा किलोमीटर स्कूटरचाच आवाज.

प्रार्थना झाली. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसवून योगिनीनं हजेरी घ्यायला घेतली. रोज ती नावं पुकारत नसे. कोण आहे, कोण नाही ते नजरेला कळायचं. आज पुकारली.

“गोरक्ष.”

“हजर, मॅडम!”

“सोमनाथ भोये.”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सोमनाथ तीन आठवडे नाही, हे मॅडमना ठाऊक नाही की काय? “तो गावाला गेला, मॅडम,” एक जण चाचरत म्हणाला.

योगिनीनं त्याच्या नावापुढे गैरहजर मांडलं. “रोहित गावित.”

“गावाला.”

“त्याची बहीण?”

“तीबी. तिच्या मायला बाळ झालं ना, ती झोका देती.”

मग मुलांना चेव आला. नाव उच्चारायचा अवकाश, चार तोंडांतून पत्ता यायचा. कुणी मामाकडे वणीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी होळीला जाऊन तिथंच. मॅडम प्रत्येक वेळी थांबून लिहून घेत होत्या, आणि एवढा वेळ हजेरी कधी चालली नव्हती. दाराशी लंकाबाई माप घेऊन उभ्या होत्या. आज त्यांनी विचारलं नाही, नुसतं ऐकत राहिल्या.

शेवटचं नाव झालं. योगिनीनं पेन ठेवलं आणि वर पाहिलं.

नाझिया फळ्यापाशी उभी होती. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट होती. वर पट बावीस, खाली हजर बावीस. वर्षभर बहुधा तीच राहायची. कधी पुसट झाली की नाझियाच त्यावर खडू गिरवायची, तिचं अक्षर चांगलं म्हणून. तिनं मागे न वळता विचारलं, “किती, ताई?”

“तेरा.”

नाझियानं तळव्यानं खालचे दोन आकडे पुसले. तळवा ओढणीला पुसला. मग खडू घेतला आणि पहिलीच्या मुलांना गिरवायला देतात तसा, सावकाश, वळणदार एक काढला, आणि त्याच्या शेजारी तीन.